‘सीझफायर’चं क्रियापद कोणतं?

खळबळ उडते, हळहळ व्यक्त होते, चर्चेला उधाण येतं आणि वादाला तोंड फुटतं. मराठी बातम्या वाचणाऱ्याला यात काहीच वावगं वाटणार नाही. आता जरा अदलाबदल करून बघा. हळहळ उडाली. खळबळीला तोंड फुटलं. व्याकरण शोधून शोधून चूक सापडत नाही. कर्ता, क्रियापद, विभक्ती सगळं जागच्या जागी आहे. तरी कान टवकारतो, कारण शब्दांची संगत चुकली आहे.

इंग्रजीत बातम्यांवर बोलू पाहणाऱ्याचं घोडं नेमकं इथेच अडतं. ‘सीझफायर’ म्हणजे शस्त्रसंधी, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पण शस्त्रसंधीचं करायचं काय? तिसरा देश मध्ये पडून ती घडवून आणतो तेव्हा तो ती ‘ब्रोकर’ करतो. ती टिकली तर ‘होल्ड’ होते, कुणी मोडली तर ‘व्हायोलेट’ होते, पार कोसळली तर ‘कोलॅप्स’ होते, आणि कधीही मोडेल अशी असेल तर ‘फ्रॅजाइल’ असते. यातला एकही शब्द अवघड नाही. अवघड आहे ते त्यातला योग्य शब्द योग्य क्षणी जिभेवर येणं.

माझ्या एका जुन्या वहीत ‘ऑब्फस्केट’, ‘ऑब्स्ट्रेपरस’ असे भारदस्त शब्द अर्थांसकट ओळीने उतरवलेले आहेत. त्यातला एकही आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेला नाही. शब्दसंग्रह वाढवायचा म्हणजे सुटे शब्द साठवायचे, ही समजूत किती चिवट आहे याचा तो पुरावा.

शब्दांच्या या संगतीला भाषाशास्त्रात ‘कोलोकेशन’ म्हणतात. तिच्याकडे गांभीर्याने पाहणाऱ्या पहिल्या काही लोकांत हॅरल्ड पामर होते. टोकियोत इंग्रजी अध्यापनावर संशोधन करताना त्यांनी १९३३ साली अशा शब्दजोड्यांवर एक अहवालच काढला. परभाषा शिकणाऱ्याला सुट्या शब्दांपेक्षा या जोड्या जास्त छळतात, हे शिकवणाऱ्याच्याच आधी लक्षात यावं, हे साहजिक आहे. पुढे जे. आर. फर्थ यांनी ही कल्पना भाषाशास्त्रात रुजवली. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते, अशा आशयाचं त्यांचं १९५७ सालचं वाक्य आज संगणकाला भाषा शिकवणारेही वारंवार सांगतात.

मराठी माणसाला या जोड्या विशेष का छळतात? माझ्या मते याचं मोठं खापर ‘करणे’ या आपल्या कामसू क्रियापदावर फोडायला हवं. आपण आरोप करतो, चर्चा करतो, दौरा करतो, गुन्हा करतो, हल्ला करतो, चौकशी करतो. एकच क्रियापद सगळ्या घरची कामं उरकतं. इंग्रजीत मात्र प्रत्येक घरी वेगळा गडी. आरोप ‘मेक’ करायचे, चर्चा ‘होल्ड’ करायची, दौरा म्हणजे ‘व्हिजिट’ ‘पे’ करायची, गुन्हा ‘कमिट’ करायचा, हल्ला ‘कॅरी आउट’ करायचा आणि चौकशी ‘लाँच’ करायची. तीच गत ‘देणे’ची. आपण राजीनामा, भर आणि लक्ष तिन्ही देतो. इंग्रजीत राजीनामा ‘टेंडर’ किंवा ‘सबमिट’ होतो, भर ‘प्लेस’ होतो, लक्ष ‘पे’ होतं. जिथे दोन्ही भाषांची जोडी जुळते तिथे काम सोपं होतं. ‘महत्त्वाची भूमिका बजावणे’ आणि ‘प्ले अ रोल’ हे थोडं जवळ आहे, ‘शपथ घेणे’ आणि ‘टेक अ‍ॅन ओथ’ तर तंतोतंत. जुळत नाही तिथे आपण नकळत मराठी जोडीचं भाषांतर करतो. ‘विषयी चर्चा’ डोक्यात असते म्हणूनच ‘डिस्कस अबाउट’ तोंडातून निसटतं.

पण अमुक शब्द तमुकाच्या संगतीत राहतो, हे ठरवायचं कसं? पूर्वी जाणकाराच्या कानावर भिस्त होती. संगणक आल्यावर मोजणं सुरू झालं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात १९६१ सालच्या छापील इंग्रजीतून दहा लाख शब्दांचा संग्रह तयार झाला, त्यात वृत्तपत्रांतला मजकूरही होता. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांनी १९८० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून, प्रत्यक्ष वापरातल्या कोट्यवधी शब्दांच्या आधारे रचलेला शब्दकोश १९८७ साली बाहेर आला. सिंक्लेअर यांचा निष्कर्ष धक्का देणारा होता. आपण बोलताना दर शब्दाला नवी निवड करतो असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात बरंचसं बोलणं अर्ध्या शिजलेल्या तुकड्यांनी भरलेलं असतं.

मोजण्यातही एक गंमत आहे. नुसतं कोण कुणाशेजारी किती वेळा येतं हे मोजलं, तर ‘द’ हा शब्द सगळ्यांचाच जिवलग मित्र ठरतो. म्हणून १९९० साली केनेथ चर्च आणि पॅट्रिक हँक्स यांनी माहितीशास्त्रातलं एक माप शब्दांना लावलं. दोन शब्द नुसत्या योगायोगाने जितक्या वेळा भेटले असते, त्याच्या कितीपट जास्त वेळा ते खरोखर भेटतात? गर्दीत कुणीही कुणाला धडकतो. पण दोनच माणसं रोज एकाच बाकावर दिसली, तर त्यांचं काहीतरी नातं असणार. ‘व्हेहेमंटली’ म्हणजे आवेशाने. हा शब्द तसा क्वचितच दिसतो, पण दिसला की शेजारी बहुधा ‘डिनाय’ किंवा ‘अपोज’ उभा असतो.

संगतीचा गुण शब्दालाही लागतो. मायकेल स्टब्स यांनी १९९५ मध्ये ‘कॉज’ या साध्या क्रियापदाची संगत तपासली. ते बहुतांशी संकट, नुकसान, वेदना, आजार अशांच्याच सोबत आढळलं. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘घडवून आणणे’ इतकाच, सोवळा. मराठीत हे पटकन कळतं. एखाद्याच्या यशाला त्याचे शिक्षक ‘कारणीभूत’ आहेत असं म्हटलं, की कौतुकाचं वाक्य फिर्यादीसारखं वाटतं. उलट दिशेने फसायचीही सोय आहे. हल्ल्याची जबाबदारी संघटनेने स्वीकारली आणि पराभवाची जबाबदारी नेत्याने स्वीकारली, ही दोन्ही वाक्यं आपण त्याच क्रियापदाने लिहितो. इंग्रजीत संघटना जबाबदारी ‘क्लेम’ करते, नेता ती ‘टेक’ किंवा ‘अ‍ॅक्सेप्ट’ करतो. पराभवाची जबाबदारी ‘क्लेम’ करणारा नेता जणू पराभव घडवल्याबद्दल पाठ थोपटून घेतोय असं वाटेल.

मेंदूही या जोड्या वेगळ्या हाताळतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वाचकांच्या नजरेचा माग घेतला गेला. ‘ब्राइड अँड ग्रूम’ या रुळलेल्या क्रमावरून नजर झरझर सरकली. तेच शब्द उलट्या क्रमाने आले की ती रेंगाळली. मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांत हा फरक भाषेवरच्या प्रभुत्वाबरोबर दिसू लागला. म्हणजे ही जाण जन्मजात नाही, ती वारंवार गाठ पडून येते.

किती वेळा गाठ पडावी? स्टुअर्ट वेब आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली तैवानमधल्या विद्यार्थ्यांना एकाच गोष्टीच्या चार आवृत्त्या वाचायला आणि ऐकायला दिल्या. ठरावीक जोड्या कुणाच्या वाट्याला एकदा आल्या, कुणाच्या पाच, कुणाच्या दहा, कुणाच्या पंधरा वेळा. भेटी वाढल्या तसं शिकणं वाढलं. पंधरा भेटी ऐकायला फार नाहीत, पण रोज दहा निरनिराळ्या विषयांच्या बातम्या चाळणाऱ्याला एकच जोडी पंधरा वेळा भेटायला महिनोन्‌महिने लागतील.

म्हणून मला भाषाशिक्षणाचे अभ्यासक स्टीफन क्रॅशन यांचा ‘अरुंद वाचना’चा सल्ला पटतो. एकच बातमी धरा आणि तिच्यामागे हात धुऊन लागा. एका निवडणुकीच्या निकालावरचे आठ-दहा लेख सलग वाचले, तर ‘लँडस्लाइड व्हिक्टरी’, ‘नॅरो मार्जिन’, ‘कन्सीड डिफीट’, ‘फॉर्म अ कोअ‍ॅलिशन’ हे चार दिवसांत घरचे होतात. तिसऱ्या लेखापर्यंत पार्श्वभूमी पाठ झालेली असते, त्यामुळे लक्ष मजकुरावरून भाषेकडे वळायला मोकळं होतं.

वाचून ओळख होते; बोलताना आठवणं ही वेगळी कसरत. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना उतारा पुन्हा वाचायला लावला, काहींना न बघता आठवून लिहायला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने पारडं फिरलं, आठवून लिहिणाऱ्यांना जास्त आठवत होतं. तेव्हा वहीत ‘सँक्शन्स म्हणजे निर्बंध’ लिहिण्यापेक्षा ‘निर्बंध लादणे’ आणि ‘निर्बंध उठवणे’ असं मराठीत लिहून पान झाका आणि ‘इम्पोज’ व ‘लिफ्ट’ स्वतः आठवा. दोन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने. आठवताना जो त्रास होतो, तोच कामाचा.

एक सावधगिरी मात्र हवी: मथळ्यांतून शिकू नका. ‘प्रोब’, ‘कर्ब’, ‘रो’, ‘बिड’ हे शब्द मथळ्यात ठाण मांडून बसतात ते आखूड आहेत म्हणून. स्तंभाची रुंदी मोजकी असते. गप्पांत चौकशीला ‘प्रोब’ म्हणणारा माणूस वर्तमानपत्र कापून बोलतोय असं वाटतं. तिथे आपलं ‘इन्व्हेस्टिगेशन’च बरं.

आणि जोडी अचूक असली तरी ती कुणापुढे वापरतोय हे पाहावं लागतं. ब्रिटिश इंग्रजीत प्रस्ताव ‘टेबल’ करणं म्हणजे चर्चेला मांडणं, अमेरिकी इंग्रजीत तो बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात यावरून चांगलीच जुंपली होती, असं चर्चिल यांनी आठवणींत लिहून ठेवलं आहे. एक कागद तातडीचा म्हणून तो ‘टेबल’ करू या असा ब्रिटिश अधिकाऱ्यांचा आग्रह होता, आणि विषय इतका महत्त्वाचा असताना तो ‘टेबल’ होता कामा नये म्हणून अमेरिकी अधिकारी हटून बसले होते. बराच वेळ वाद घातल्यावर उलगडा झाला, की दोन्ही बाजूंना तो कागद त्याच वेळी चर्चेला हवा होता.