'मोजणी'ला शेपूट कुठून आलं?

परवा विश्रामबागेतली एक विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन आली. सांगलीच्या हळद सौद्यासाठी वजन-पावतीचा छोटा प्रोग्रॅम तिने सी भाषेत लिहिलाय. कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या क्लँग या कंपायलरवर थिनएलटीओ ही कोड सुधारणारी सोय चालू केली, तयार प्रोग्रॅममधल्या नावांची यादी काढली, तर तिच्या 'मोजणी' या व्हेरिएबलला (किंमत साठवणाऱ्या नावाला) शेपूट फुटलेलं: 'मोजणी.एलएलव्हीएम.' आणि पुढे लांबलचक आकडा. "सर, व्हायरस असेल का?" मित्रांनी ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकायला सांगितलं होतं.

व्हायरस नाही. कंपायलरची ही करामत मला फार आवडते.

कंपायलर सगळा प्रोग्रॅम एकदम वाचतो असं आपण धरून चालतो. एरवी तो एका वेळी एकच फाइल वाचतो. तुकडे लिंकर जोडतो. जोडताना सगळ्या फाइलींचा एकत्र विचार करून कोड सुधारणं म्हणजे लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन, अर्थात एलटीओ. जीसीसी या दुसऱ्या कंपायलरमध्ये ते २०१० साली आलं. क्लँग ज्यावर उभा आहे त्या एलएलव्हीएममधलं थिनएलटीओ २०१६ चं. ते प्रत्येक फाइलीचा गोषवारा तेवढा वाचतं आणि कुठलं फंक्शन, म्हणजे एका कामाचा कोड, कुठे न्यायचं ते ठरवतं.

आता तिचा कोड. वजनाच्या फाइलीतलं एक फंक्शन दर पोत्याला 'मोजणी' एकने वाढवतं. पावतीची फाइल त्याला सारखं बोलावते. थिनएलटीओने ठरवलं, फंक्शनच पावतीच्या फाइलीत उतरवून घेऊ, हेलपाटा वाचेल. पण 'मोजणी' स्टॅटिक आहे, म्हणजे त्या फाइलीची खासगी. शिवाय पावतीच्या फाइलीत त्याच नावाचं दुसरं स्टॅटिक व्हेरिएबल आहे!

व्हेरिएबलचीही नक्कल नेली तर? एक प्रत इकडे वाढेल, दुसरी तिकडे तशीच राहील, पोत्यांचा हिशेब चुकेल. म्हणून मूळ 'मोजणी' जागेवरच राहते, फक्त तिचं नाव बाहेर दिसेल असं करतात. घरात नुसतं 'बापू' चालतं, सौद्याच्या पट्टीवर 'बापू, कवलापूर' लिहावं लागतं. शेपटातला आकडा म्हणजे ते गाव. तो मूळ फाइलीच्या ओळखीवरून काढलेला असतो. आणि या नावाला 'हिडन' असा शिक्का मारतात, त्यामुळे ते प्रोग्रॅमच्या आतल्या फाइलींनाच सापडतं, बाहेरच्या लायब्ररीला नाही. ज्याची किंमत कधीच बदलत नाही अशा व्हेरिएबलची मात्र खुशाल नक्कल नेता येते. मग कंपायलर नावाऐवजी थेट किंमतच वापरतो.

एलटीओ चालू केल्यावर प्रोग्रॅम बिघडला की 'एलटीओ आम्हाला लाभत नाही' असं म्हणणारे बरेच भेटतात. यंत्राला लाभणं-न लाभणं नसतं. कधी एका फाइलीत एखादं नाव इंट (पूर्णांक), दुसरीत तेच नाव डबल (दशांश आकडा) म्हणून जाहीर केलेलं असतं. साधा लिंकर नावं जुळवतो, प्रकार बघत नाही. चूक आधीचीच असते. जीसीसीचं एलटीओ तर अशा वेळी इशाराही देतं.

तिने यादी पुन्हा खाली सरकवली. तिथे दुसरी 'मोजणी' होती, बिनशेपटाची. पावतीच्या फाइलीतली ती. बाहेर कुणाला लागलीच नव्हती.