तुलनेआधीचं चित्र: निर्णयाच्या अभ्यासातून काय गळालं होतं

मर्यादित विवेकशीलतेची, म्हणजे माणूस आपल्या मर्यादित माहिती आणि विचारशक्तीच्या आतच विवेकाने वागतो या कल्पनेची, चर्चा निघाली की हर्बर्ट सायमन यांचा १९५५चा निबंध हमखास आठवला जातो, तोही एकाच गोष्टीसाठी: पुरेसा चांगला पर्याय सापडला की माणूस शोध थांबवतो. त्याच निबंधात आणखी एक भेद केलेला होता. माणसासमोर असलेले पर्याय आणि त्याने विचारात घेतलेले पर्याय हे दोन वेगळे संच आहेत, आणि दुसरा पहिल्यापेक्षा बराच लहान असू शकतो. १९५७मध्ये सायमन यांनी हे आणखी ठामपणे लिहिलं. विवेकाने वागायचं तर माणसाला खऱ्या परिस्थितीची सोपी प्रतिकृती मनात उभारावी लागते. त्या प्रतिकृतीपुरता तो विवेकाने वागतो, पण वास्तवाच्या मापाने ते वागणं उत्तम असेलच असं नाही. म्हणजे या कल्पनेचा गाभा सुरुवातीपासूनच निर्णयाच्या मनातल्या मांडणीत होता. शोध कधी थांबवायचा हा त्यानंतरचा प्रश्न.

कोडी सोडवण्यावरच्या संशोधनाने हा धागा काही काळ जपला. १९८५च्या एका अभ्यासात हनोईच्या मनोऱ्याचं कोडं (लहानमोठ्या चकत्या ठरलेल्या नियमांनी एका खांबावरून दुसऱ्यावर हलवायचं) वेगवेगळ्या गोष्टींत गुंफून लोकांना दिलं होतं. चालींची रचना सगळीकडे तंतोतंत तीच, तरी काही रूपांना इतरांच्या १६ पट वेळ लागला. पण हे काम कोड्यांचं मानलं गेलं. जोखीम आणि पैसा यांच्या निर्णयांवर लिहिणाऱ्यांनी त्याची फारशी दखल घेतली नाही.

त्यांच्याकडे मुख्य घटना १९७९ची, प्रॉस्पेक्ट थिअरीची, म्हणजे लोक जोखमीचे निर्णय प्रत्यक्षात कसे घेतात हे सांगणाऱ्या काहनेमन आणि ट्वर्स्की यांच्या सिद्धांताची. नफा-तोटा माणसाला किती मोलाचा वाटतो हे दाखवणारा वक्र आणि तेवढ्याच नफ्यापेक्षा तोट्याची जास्त बोच हे त्यातलं सर्वाधिक गाजलेलं. मूळ निबंधात मात्र दोन टप्पे होते, आणि पहिला टप्पा होता एडिटिंगचा. त्यात माणूस परिणामांना नफा किंवा तोटा म्हणून नोंदतो, सारख्या शक्यता एकत्र करतो, खात्रीचा भाग वेगळा काढतो, दोन्ही पर्यायांतलं समान ते खोडतो, आकडे जवळच्या सोप्या आकड्यांवर आणून ठेवतो आणि उघडउघड निकृष्ट पर्याय बाजूला सारतो. मोजणी त्यानंतर.

हा टप्पा हवाच होता, हे त्याच निबंधातल्या एका प्रयोगातून दिसतं. २० टक्के शक्यतेने ४,००० की २५ टक्के शक्यतेने ३,०००, असं विचारल्यावर ६५ टक्के लोकांनी ४,००० निवडले. मग दुसऱ्या गटाला तोच सौदा दोन फेऱ्यांत सांगितला. पहिल्या फेरीत ७५ टक्के शक्यतेने खेळ संपणार. पुढे गेलात तर ८० टक्के शक्यतेने ४,००० किंवा खात्रीचे ३,०००. आणि निवड पहिल्या फेरीआधीच करायची. शेवटचं गणित अगदी तेच येतं. या वेळी ७८ टक्के लोकांनी ३,००० घेतले. पहिली फेरी दोन्ही पर्यायांना समान, म्हणून ती मनातून खोडली गेली आणि उरलेल्या चित्रात 'खात्री' दिसू लागली. फक्त वक्र हातात असेल तर हा उलटफेर समजावता येत नाही.

टीका नेमकी या टप्प्यावरच झाली, आणि तिच्यात तथ्य होतं. आधी खोडायचं की आधी एकत्र करायचं? क्रम बदलला की चित्र बदलतं, आणि कोणता क्रम कधी, याचा नियम नव्हता. शिवाय शक्यतांना वजन देण्याची मूळ पद्धत अशी होती की स्पष्टपणे वाईट पर्यायही कधी वरचढ ठरू शकला असता. निकृष्ट पर्याय वगळण्याचं काम एडिटिंगकडे होतं ते यासाठी. त्यामुळे हा टप्पा म्हणजे सूत्रातली गळती बुजवायचं ठिगळ, असा आरोप झाला.

प्रॉस्पेक्ट थिअरीच्या १९९२च्या सुधारित आवृत्तीने ही गळती गणितानेच बंद केली. वजन सुट्या शक्यतांना न देता परिणामांच्या क्रमवारीनुसार, एकत्रित शक्यतांवर द्यायचं. ठिगळाची गरज संपली, आणि त्याबरोबर एडिटिंगची तपशीलवार यादीही गेली. माणूस आधी निर्णयाचं चित्र उभारतो हे विधान निबंधात राहिलं, पण सूत्रं सगळी दुसऱ्या टप्प्याची. पुढे त्यातला २.२५ हा तोट्याचा गुणक, म्हणजे तोटा तेवढ्याच नफ्याच्या किती पट बोचतो तो आकडा, असंख्य ठिकाणी जसाच्या तसा उचलला गेला. तो २५ विद्यार्थ्यांच्या उत्तरांतून काढलेला मध्यक होता. सूत्र नेटकं झालं हे खरं, पण त्याची किंमत फार मोठी होती. 'लोक नेमकं काय तोलतात' हा प्रश्न सुटला म्हणून बाजूला ठेवलेला नव्हता. तो सूत्रात मावत नव्हता म्हणून बाजूला पडला. त्यानंतर बराच काळ फ्रेमिंगचे, म्हणजे तीच निवड वेगळ्या शब्दांत मांडल्यावर उत्तर बदलण्याचे, परिणाम एकेक करून गोळा होत राहिले. एखादी मांडणी मनात का आणि कशी तयार होते, यावर त्या मानाने फार थोडं काम झालं.

गेल्या दशकात वारा फिरला. विचार करण्यालाही खर्च असतो, आणि मन तो खर्च जमेस धरून चालतं, असं मानणारी संगणकीय प्रारूपं पुढे आली. २०२२मधल्या एका अभ्यासात लोकांना अडथळ्यांच्या चौकटीतून वाट काढायला लावली आणि नंतर कोणत्या अडथळ्याची किती जाणीव होती ते विचारलं. सगळे अडथळे डोळ्यांसमोर असूनही लोकांच्या मनात मुख्यतः वाट ठरवायला उपयोगी पडणारेच होते. चित्र जितकं गुंतागुंतीचं तितका खर्च, आणि त्यातून आखलेली योजना जितकी चांगली तितका फायदा, असा तोल धरणाऱ्या प्रारूपाचं भाकीत या उत्तरांशी बरंच जुळलं. मांडणी स्वतःच एक निवड म्हणून सूत्रात आली, आणि ही भर १९९२च्या सुधारणेपेक्षा मोलाची आहे.

अडचण आहे ती अशी: काय वगळलं तर चालेल हे नेमकं ठरवायचं तर आधी सगळं बघावं लागतं, आणि मग वगळण्यातून काही वाचत नाही. चांगलं चित्र कोणतं हे प्रारूप सांगतं. मन तिथवर स्वस्तात कसं पोहोचतं हे सांगत नाही. शिवाय चौकटीतले अडथळे संशोधकांनीच मांडलेले असतात. नोकरी सोडावी की नाही, शस्त्रक्रिया करावी की नाही, अशा निर्णयांत काय मोजायचं याची यादी कुणी आधी हातात देत नाही, आणि तिथले प्रयोग अजून मोजकेच आहेत.