प्यूनिक लोक: भाषा पूर्वेची, वंश अनेकांचा

आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरील टायर या फिनिशियन शहरातून आलेल्या लोकांनी आजच्या ट्युनिसजवळ कार्थेज वसवले. परंपरेप्रमाणे ते साल इ.स.पू. ८१४. पुढे उत्तर आफ्रिका, सिसिली, सार्डिनिया, इबिझा आणि दक्षिण स्पेन या टापूत कार्थेजच्या प्रभावाखाली जी संस्कृती वाढली, तिला रोमन लोकांच्या शब्दावरून ‘प्यूनिक’ म्हणतात. तिची भाषा ही फिनिशियनचीच पश्चिमेकडे रुजलेली शाखा, सेमिटिक कुळातली आणि हिब्रूची निकटची नातलग. भाषा पूर्वेकडून आली, तेव्हा ती बोलणारे बहुतेक लोकही तिकडच्याच वंशाचे असावेत, असे मानणे साहजिक होते.

प्राचीन डीएनएने हा समज मोडला. २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात २१० प्राचीन व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पश्चिमेकडील प्यूनिक दफनभूमींतील लोकांमध्ये लेबनॉनच्या बाजूचा वारसा जवळजवळ आढळला नाही. त्यांच्या पूर्वजांचा मोठा भाग सिसिली आणि एजियन समुद्राच्या परिसरातील लोकांशी जुळणारा होता, त्यात उत्तर आफ्रिकेचा अंश मिसळलेला होता आणि एकाच दफनभूमीतही भिन्न वंशांची माणसे शेजारी शेजारी पुरलेली होती. येथे एक सावधगिरी हवी. सुरुवातीच्या काळातील वसाहतवाले पुष्कळदा मृतांचे दहन करीत आणि जळलेल्या हाडांतून डीएनए सहसा हाती लागत नाही. त्यामुळे हे निष्कर्ष मुख्यतः नंतरच्या शतकांना लागू पडतात. तरीही भाषा, देवदेवता आणि नगरव्यवस्था ज्यांनी आपलीशी केली, ते बहुतांशी मूळ वसाहतकारांचे वंशज नव्हते, एवढे त्यातून दिसते.

ही भाषा आपल्यापर्यंत पोहोचली ती मात्र फार तुटपुंजी. तिचे लेखन उजवीकडून डावीकडे, २२ अक्षरांत, आणि तीही सारी व्यंजनांची. कार्थेजमधील हजारो शिलालेख तानित आणि बाल हम्मोन या देवतांना केलेल्या नवसाचे असून त्यांत नवस करणाऱ्याचे नाव तेवढे बदलते. मजकूर जवळपास तोच राहतो. भाषाशास्त्रज्ञाच्या दृष्टीने एवढ्या दगडांचा हा एकसुरीपणा मोठा हिरमोड करणारा आहे. म्हणूनच प्लॉटस या रोमन विनोदी नाटककाराचे महत्त्व आगळे. त्याच्या ‘पोएनुलस’ या नाटकात हॅन्नो नावाचे कार्थेजी पात्र प्यूनिकमध्ये बोलते आणि ते बोलणे लॅटिन लिपीत, म्हणजे स्वरांसह, उतरवलेले आहे. शतकानुशतके भाषा न कळणाऱ्या, हस्तलिखितांच्या प्रती उतरवणाऱ्यांच्या हातून गेल्याने त्या ओळी बऱ्याच बिघडल्या आहेत, पण उच्चारांचा असा सलग पुरावा अन्यत्र दुर्मीळच. फिनिशियन लिपीचे वाचनही एका योगायोगाने सुकर झाले: माल्टातील मेल्कार्ट देवाला अर्पण केलेल्या स्तंभांवर ग्रीक मजकूरही होता आणि त्याच्या आधारे फ्रेंच विद्वान बार्थेलेमी याने १७५८ मध्ये ती अक्षरे उलगडली.

इ.स.पू. १४६ मध्ये रोमने कार्थेज उद्ध्वस्त केले. तेथील ग्रंथ रोमने आफ्रिकेतील राजांना वाटून टाकले. मागो या कार्थेजी लेखकाच्या शेतीवरील २८ भागांच्या ग्रंथाचे तेवढे लॅटिन भाषांतर सिनेटने करवून घेतले. आज तेही उरलेले नाही, इतर लेखकांनी घेतलेले उतारे काय ते शिल्लक आहेत.

शहर गेले तरी भाषा सुमारे साडेपाचशे वर्षे टिकून होती. आजच्या लिबियातील लेप्टिस मॅग्ना येथे रोमन सत्तेखालीही प्यूनिक शिलालेख कोरले जात होते आणि त्याच परिसरात पुढे ती भाषा लॅटिन अक्षरांतही लिहिली गेली. आजच्या अल्जीरियातील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन पाचव्या शतकाच्या आरंभी लिहितो, की तुम्ही कोण असे विचारले असता तिथले शेतकरी प्यूनिकमध्ये ‘कनानी’ असे उत्तर देतात. कनान हे पूर्वेकडील त्या किनाऱ्याचे जुने नाव. त्याच भागातील फुस्साला या गावासाठी बिशप निवडण्याची वेळ आली, तेव्हा ऑगस्टीनला प्यूनिक जाणणारा माणूस शोधावा लागला.