वसईचे गोन्सालो, नागासाकीचे रक्तसाक्षी आणि अडीचशे वर्षांची बंदी

५ फेब्रुवारी हा संत गोन्सालो गार्सिया यांच्या मृत्यूचा दिवस. वसईत जन्मलेल्या या ब्रदरांना १५९७ साली याच दिवशी जपानमधल्या नागासाकीत क्रूसावर मारले, एवढे वसईच्या ख्रिस्ती घरांत सांगितले जाते. त्यांच्यासोबत आणखी २५ रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण देणारे, होते आणि त्यांच्यानंतर जपानी ख्रिस्ती लोकांनी अडीचशे वर्षे छळ सोसला, हा भाग मात्र बहुधा राहून जातो.

जपानमधल्या ख्रिस्ती धर्माची सुरुवातच आपल्या किनाऱ्याशी जोडलेली आहे. आंजिरो नावाच्या जपानी माणसाचा स्नानसंस्कार १५४८ मध्ये गोव्यात झाला. त्याला बरोबर घेऊन फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरले. तिथल्या सरदारांना पोर्तुगीजांचा व्यापार हवा होता, काहींनी धर्मही स्वीकारला. ओमुरा सुमितादा याने तर १५८० मध्ये नागासाकी बंदर जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या हवाली केले. सगळा देश एका हाताखाली आणू पाहणाऱ्या तोयोतोमी हिदेयोशीला हे खुपले. १५८७ मध्ये त्याने धर्मगुरूंना देश सोडण्याचा हुकूम दिला, पण तो फारसा राबवला गेला नाही.

गोन्सालो यांचे वडील पोर्तुगीज, आई वसईची. किल्ल्यातल्या जेझुइटांकडे शिकून ते कोवळ्या वयातच जपानला गेले आणि तिथली भाषा शिकले. मध्ये काही काळ व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघाचे ब्रदर झाले. १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला आले. हिदेयोशीसमोर मिशनऱ्यांची बाजू मांडली ती या वसईकराने.

ऑक्टोबर १५९६ मध्ये 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. माल जप्त झाला, आणि आधी धर्मगुरू येतात, मागून फौजा येतात, हा संशय बळावला. तो अगदीच निराधार होता असे मला म्हणवत नाही. गोव्यात १५६० पासून पोर्तुगीजांचे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, लोकांना श्रद्धेपायी छळत होते. सत्ता हाती आल्यावर आपल्याच धर्मबांधवांनी काय केले, हे आपण विसरता कामा नये. पण जपानमध्ये ज्यांना पकडले त्यांच्या हाती कसलीही सत्ता नव्हती. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट, सतरा जपानी प्रापंचिक. त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, धिंड काढली आणि ऐन थंडीत क्योतोकडून नागासाकीपर्यंत चालवत नेले. निघाले तेव्हा चोवीस होते. वाटेत दोघांची भर पडली. बारा वर्षांच्या लुई इबाराकीला श्रद्धा सोडलीस तर सुटशील असे सांगितले गेले. त्याने नकार दिला. त्या तीन जेझुइटांपैकी पॉल मिकी यांनी क्रूसावरूनच उपदेश केला आणि मारणाऱ्यांना क्षमा केली.

१६१४ मध्ये हिदेयोशीनंतर आलेल्या तोकुगावा घराण्याच्या सत्तेने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. हा छळ जास्त पद्धतशीर होता. प्रत्येक कुटुंबाने बौद्ध मंदिरात नाव नोंदवायचे, शेजाऱ्यांनी एकमेकांवर नजर ठेवायची, धर्मगुरूची खबर देणाऱ्याला चांदीचे बक्षीस. नागासाकी भागात दरवर्षी लोकांना येशूच्या किंवा मारियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावत. त्याला फुमि-ए म्हणत. १६४४ मध्ये मान्सियो कोनिशी हे शेवटचे धर्मगुरू मारले गेले. तिथून पुढे ना मिस्सा (धर्मगुरूने करायची उपासना), ना धर्मगुरूजवळ पापनिवेदन.

तरीही नागासाकी भागातल्या उराकामी, सोतोमे, गोतो इथल्या शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी श्रद्धा सोडली नाही. एक जण बाळांना स्नानसंस्कार द्यायचा, दुसरा सणांचे पंचांग सांभाळायचा. कान्नोन या बौद्ध करुणादेवीच्या मूर्तीत ते मारियेला पाहत. प्रतिमेवर पाय ठेवून घरी आले की पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. क्रूसावर गेलेले खंबीर आणि हे डळमळीत, अशी वाटणी मला मान्य नाही. एका दिवसाचे मरण आणि सात पिढ्यांची राखण, दोन्हींना धैर्य लागलेच.

१८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी या २६ जणांना संतपद दिले, तेव्हाही जपानमध्ये जपानी माणसाने ख्रिस्ती असणे गुन्हाच होता. १७ मार्च १८६५ रोजी, याच रक्तसाक्षींच्या नावाने उभ्या राहिलेल्या नागासाकीतल्या ओउरा चर्चमध्ये उराकामीचे काही गावकरी आले. तिथले फ्रेंच धर्मगुरू फादर पेतीजाँ यांना एका बाईने हळूच सांगितले, की तुमच्या मनात आहे तेच आमच्या मनात आहे. आणि विचारले, मारियेची मूर्ती कुठे आहे?

हे उघड होताच पुन्हा धरपकड झाली. उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना गावातून उठवून देशभर पांगवले. त्यांतले सहाशेंवर लोक हद्दपारीत मेले. परदेशी सरकारांच्या दबावामुळे १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरले. जे जिवंत परतले त्यांनी गावच्या मुखियाची, जिथे फुमि-ए होत असे ती जागाच विकत घेतली आणि १८९५ मध्ये तिथे चर्च बांधायला काढले.