टांकसाळीतून निसटलेल्या चुका: सदोष नाण्यांच्या मोलामागचा इतिहास

नाण्यातील चुकीला मोल असते, ही कल्पना फार जुनी नाही. हातोड्याच्या घावाने नाणी पाडली जात, त्या काळात दोन नाणी तंतोतंत सारखी असावीत अशी अपेक्षाच नव्हती. ठसा धातूच्या कोऱ्या चकतीच्या मध्यावर बसला नाही किंवा अक्षरे कडेबाहेर गेली, तरी वजन आणि धातूचा कस बरोबर असला की नाणे चालत असे. रोमन प्रजासत्ताकाच्या काही देनारियस नाण्यांवर एका बाजूला चेहरा आणि दुसऱ्या बाजूला त्याचाच उलटा, खोलगट ठसा दिसतो. आधीचे नाणे ठशाला, म्हणजे आकृती उमटवणाऱ्या साच्याला, चिकटून राहिले आणि पुढची चकती त्याच्यावरच ठोकली गेली, म्हणून असे झाले. तरीही ती नाणी व्यवहारात वापरली गेली.

इंग्रज उद्योजक मॅथ्यू बोल्टन यांनी १७८८ च्या सुमारास बर्मिंगहॅमजवळ सोहो येथे वाफेच्या यंत्रावर चालणारी टांकसाळ उभारली आणि एकसारख्या गोलाईची, एकसारख्या जाडीची नाणी मोठ्या संख्येने निघू लागली. सारखेपणा हाच नियम झाल्यावर वेगळे नाणे नजरेत भरू लागले. माझ्या मते सदोष नाणी जमवणाऱ्या संग्राहकांच्या या शाखेचा खरा उगम इथेच आहे.

विसाव्या शतकातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. युद्धासाठी तांबे हवे असल्याने १९४३ मध्ये एका सेंटचे नाणे जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे करण्यात आले, परंतु आदल्या वर्षीच्या काही कांस्य चकत्या यंत्रसामग्रीत अडकून राहिल्या होत्या, त्यांवर नव्या वर्षाचा ठसा उमटला आणि ती मोजकी नाणी चलनात मिसळली. त्यांची कीर्ती पसरताच पोलादी नाण्यांना तांब्याचा मुलामा देऊन फसवणूक सुरू झाली. लोहचुंबक मात्र ही लबाडी उघडी पाडतो: मुलामा दिलेले पोलाद त्याला चिकटते, अस्सल कांस्य चिकटत नाही.

१९५५ च्या फिलाडेल्फिया टांकसाळीतील दुहेरी ठशाच्या सेंटची गोष्ट याहून बोलकी आहे, कारण तिथे दोष एखाद्या नाण्यात नव्हता, तो ठशातच होता. पोलादी ठसा तयार करताना मूळ आकृती त्यावर एकापेक्षा अधिक वेळा दाबावी लागे आणि मधल्या काळात पोलाद तापवून मऊ केले जाई. दुसऱ्या वेळी आकृती किंचित फिरून बसली की अक्षरे आणि वर्ष दोनदा उमटत. अशा ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर तोच दोष सारखाच दिसतो. ही नाणी बिनदोष नाण्यांच्या ढिगात मिसळल्याचे लक्षात आले, पण संपूर्ण ढीग वितळवण्याऐवजी तो चलनात जाऊ देण्यात आला आणि सुमारे वीस हजार सदोष नाणी लोकांच्या हाती पडली. झिजलेल्या ठशामुळे अक्षरांच्या कडेला दिसणारी फिकट सावली ही निराळी गोष्ट असून तिला फारसे मोल नसते, हा फरक नवख्यांनी आवर्जून समजून घ्यावा.

ब्रिटनमध्ये २००८ साली वीस पेन्सच्या नाण्याची रचना बदलली आणि वर्ष काट्यावरून छाप्यावर, म्हणजे राणीच्या प्रतिमेच्या बाजूला, गेले. काही नाण्यांवर मात्र जुना छापा आणि नवा काटा यांची जोडी जुळली, त्यामुळे वर्ष कोणत्याच बाजूला उरले नाही. तीनशेहून अधिक वर्षांत तिथे चलनात आलेले हे पहिलेच वर्षहीन नाणे होते; मात्र संख्या मोठी असल्याने त्याचे मोल १९४३ च्या कांस्य सेंटच्या जवळपासही जात नाही.

नवी प्रक्रिया आली की नवी चूकही येते. २००७ मध्ये अमेरिकेने वॉशिंग्टन यांच्या प्रतिमेच्या डॉलर नाण्यावरील वर्ष आणि ईश्वरावरील विश्वासाचे बोधवाक्य कडेवर कोरण्यास सुरुवात केली. हे काम वेगळ्या यंत्रावर होत असल्याने अनेक नाणी त्या टप्प्यातून न जाताच कोऱ्या कडेने बाहेर पडली. बोधवाक्य गाळल्याचा लोकांमध्ये मोठा गवगवा झाला आणि २००९ पासून ते कडेवरून पुन्हा नाण्याच्या दर्शनी बाजूवर आणण्यात आले.