सोडियम बॅटरी आणि कार्बनमधली भोकं

सोडियम-आयन बॅटरी म्हणजे आत्ता चार-पाच वर्षांतली भानगड असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाहीये. 1980 च्या आसपास लिथियम आणि सोडियम दोघांवरही जोरात काम चालू होतं, फ्रान्समधे बोर्डोला क्लोद देल्मास वगैरे मंडळी सोडियम-कोबाल्ट ऑक्साइडच्या मागे होती. मग 1991 ला सोनीने लिथियम-आयन बाजारात आणली, पुढे त्यात ऋण टोकाच्या इलेक्ट्रोडसाठी ग्रॅफाइट (थराथरांचा कार्बन) पक्कं झालं आणि सोडियम बाजूला पडलं, कारण ग्रॅफाइटच्या थरांत लिथियम आरामात बसतं, ग्रॅममागे 372 मिलिअँपिअर-अवरपर्यंत (किती वीज साठते त्याचं माप), आणि सोडियम जवळपास शिरतच नाही. (आयन मोठा म्हणून, असं सगळे सांगतात, पण पोटॅशियमचा तर त्याहून मोठा, तो जातो की!)

यातून वाट निघाली ती कोळशातून. रोझलिंड फ्रँकलिन, हो, डीएनएच्या रचनेवर काम केलेल्या त्याच, युद्धाच्या काळात लंडनला दगडी कोळशातली बारीक भोकं मोजत होत्या. 1951 ला त्यांनी दाखवलं की काही कार्बन कितीही तापवा, 3000 अंशांपर्यंत न्या, त्याचं ग्रॅफाइट होतच नाही, थर वेडेवाकडे राहतात आणि मधे पोकळ्या उरतात. हाच तो हार्ड कार्बन. 2000 साली कॅनडात स्टीव्हन्स आणि डान यांनी चक्क ग्लुकोज हवेशिवाय तापवून तो बनवला आणि त्यात सोडियम भरलं, ग्रॅममागे सुमारे 300 मिलिअँपिअर-अवर मिळाले! माझ्या मते खरी सुरुवात इथली.

मग लोकांना हाव सुटली. कथिल, अँटिमनी, फॉस्फरस यांच्यात सोडियम कितीतरी जास्त मावतं, पण मावताना ते फुगतात, कथिल तर पाचपट होतं आणि मग इलेक्ट्रोडचा चुरा. म्हणून 2012-13 पासून हे कण सच्छिद्र कार्बनमधे कोंबायचे, म्हणजे फुगायला आत जागा राहते आणि वीज वाहायला कार्बन असतोच, असे कंपोझिट सुरू झाले.

गंमत म्हणजे भोकं जास्त झाली तरी पंचाईत. उघड्या भोकांत इलेक्ट्रोलाइट (आयन इकडून तिकडे नेणारा बॅटरीतला द्रव) घुसतो आणि पहिल्याच चार्जला बरंच सोडियम फुकट जातं, म्हणून आता आत पोकळ्या ठेवून त्यांची तोंडं वरून कार्बनचाच पातळ थर देऊन बुजवतात. आपल्याकडे पुण्यात केपीआयटी या कंपनीने आयसर पुणे या विज्ञान संस्थेबरोबर केलेलं सोडियम-आयनचं काम 2023 च्या डिसेंबरला जाहीर केलं, आणि त्याआधीच रिलायन्सने इंग्लंडची फॅराडियन ही सोडियम-आयन बॅटरीवाली कंपनी घेतली होती.