मे महिन्यात पाऊस, ऑक्टोबरात वांझ काडी

2025 च्या ऑक्टोबर छाटणीनंतर नाशिक जिल्ह्यातल्या अनेक द्राक्षबागा हिरव्यागार फुटल्या, पण काड्यांवर घडच नव्हते. काही ठिकाणी निघालेले घड जिरले, त्यांची बाळी (घडाऐवजी येणारा नुसता तणावा) झाली. कारण पाच महिने मागे, मे महिन्यात होतं.

द्राक्ष मूळचं थंड मुलखातलं. युरोपात हिवाळ्यात वेल झोपते, वसंतात फुटते आणि वर्षाला एकच पीक देते. दख्खनची थंडी तिला झोपवण्याइतकी कडक नाही. दौलताबादला द्राक्षं वर्षातून दोनदा येतात, असं 14व्या शतकात इब्न बतूताने नोंदवून ठेवलंय. पण दोनांपैकी एक बहर पावसाळ्यात सापडणार. म्हणून आपल्याकडे दोन छाटण्या आणि एकच पीक असं पंचांग बसलं. एप्रिलमध्ये खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी मालासाठी. पावसाळा पानांवर जावा, घडांवर नको, एवढाच त्यातला हिशेब.

या हिशेबातली नाजूक जागा मे-जूनमध्ये आहे. खरड छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांत काडीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे कळीच्या, आत पुढच्या हंगामाचा घड आकार घेतो. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून बरेच बागायतदार गोडी छाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत देऊन सूक्ष्मदर्शकाखाली डोळे तपासून घेतात. घड धरायला कडक ऊन आणि थोडा पाण्याचा ताण लागतो. आभाळ भरून राहिलं, मुळाशी ओल टिकली की वेल शेंडा पळवते आणि घडाच्या जागी बाळी किंवा नुसती फूट येते. 2025 मध्ये मे महिनाभर अवकाळीने झोडपलं आणि 26 मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखलही झाला. ऑक्टोबरचं नुकसान तेव्हाच ठरून गेलं होतं. पंचनाम्याला मात्र ते सहज सापडत नाही, पडलेली बाग दिसते, न धरलेला घड दिसत नाही.

दुसरा धोका जुना आणि बागायतदारांच्या ओळखीचा, डावणी हा बुरशीचा रोग. पानावर तेलकट पिवळा डाग, पान उलटलं की पांढरी बुरशी. 1870च्या दशकात अमेरिकेतून फ्रान्समध्ये गेलेल्या याच रोगावर फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्डे यांनी 1885 मध्ये बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) पुढे आणलं, आजही बागायतदार ते फवारतात. पण फवारायला बागेत शिरता तर आलं पाहिजे! चिखलात ट्रॅक्टर जात नाही आणि नेमका तोच दिवस फवारणीचा असतो. 2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळाच्या पावसाने असाच घाला घातला. 2019 मध्ये परतीचा पाऊस लांबला, तर 26 नोव्हेंबर 2023 ला निफाड पट्ट्यात गारपीट झाली. नाशिकच्याच बागलाण तालुक्यातले शेतकरी तर भर पावसाळ्यातच छाटून डिसेंबर-जानेवारीच्या भावासाठी अर्ली माल काढतात. तो सरळसरळ जुगार आहे, पण लागला तर चांगला लागतो.

डिसेंबर-जानेवारीत पारा घसरला की मण्यांची फुगवण थांबते, पाणी उतरलेल्या, म्हणजे पिकायला लागून मऊ झालेल्या, मण्यांना तडे जातात. मग रात्री बागेत शेकोट्या.

आता प्लास्टिक आच्छादनाकडे ओढा वाढतोय. एकरी काही लाखांचा खर्च आहे, पण डावणीपासून आणि मणी तडकण्यापासून त्याने बचाव होतो. मे महिन्यातल्या ढगांवर मात्र त्याचा इलाज नाही. उलट त्याखाली ऊन आणखी कमी पोहोचतं.